लिंबाच्या पानातली रेघ

श्रावण लागला की आमच्या धुळ्याच्या घरामागच्या कागदी लिंबाला नवी पालवी फुटते. पोपटी, पातळ, उन्हाकडे धरली तर बोट पलीकडून दिसेल अशी. आठ-दहा दिवसांत ती जाड होते, गडद होते आणि मग जुन्या पानांत मिसळून जाते. तिच्या कोवळेपणाचे दिवस फार थोडे. त्या थोड्या दिवसांवर टपून बसलेला एक जीव आहे, आणि या वयात मला त्याच्याबद्दल जेवढं सांगता येतं तेवढं माझ्या स्वतःच्या नातवंडांबद्दलही सांगता येणार नाही.

यंदा नागपंचमीच्या आदल्या सकाळी बायको कपडे वाळत घालायला मागे गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अहो, लिंबूना पानवर गोगलगाय फिरनी का?"

"गोगलगाय नही ती," मी खुर्चीतूनच म्हणालो. "अळी शे. पानना मझार ऱ्हास."

"मझार? पान तं कागदगत पातय शे. त्याना मझार काय ऱ्हाई?"

मी उठलो नाही. मझार, म्हणजे पानाच्या आत, काय असेल ते न बघता मला दिसत होतं. चंदेरी, नागमोडी रेघ, आणि तिच्या मधोमध पेन्सिलीनं ओढावी तशी काळपट बारीक रेषा. बायको पान तोडून घेऊनच आली आणि माझ्या हातात ठेवलं. कोवळं लिंबाचं पान तोडलं की वास बोटांना लागतो. त्या वासानं मला शिरपूरच्या रोपवाटिकेत नेऊन उभं केलं, आणि तिथे गयाबाई उभी होती.

कागदाएवढ्या पातळ पानालाही दोन कातड्या असतात, हे मला गयाबाईनं शिकवलं. मी रोपवाटिकेचा सुपरवायझर, माझ्याकडे शेतकीची पदविका. ती रोजावर येणारी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात तिनं एक पान माझ्यापुढे धरून नखानं त्याच्या वरचा पापुद्रा सोलला. बोरीच्या काट्याच्या बारीक टोकानं आत दाखवलं. पिवळसर, चपटी, बिनपायांची, काचेसारखी अळी. "देखा भाऊ. वरथून नही, खालथून नही. मधमा शे."

त्यानंतर अकरा पावसाळे आम्ही ती अळी बघितली. मी पुस्तकात वाचून तिला सांगायचो, ती पानावर बघून मला सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं.

पतंग तिळापेक्षा लहान. पांढरे रुपेरी पंख, टोकाला काजळाचा ठिपका. बसलेला असेल तर पानावर धूळ पडली असं वाटतं. मादी कोवळ्याच पानावर अंडं घालते, बहुतेक मधल्या शिरेच्या जवळ. अंडं म्हणजे पाण्याचा चपटा थेंब. मला ते भिंगातून दिसायचं. गयाबाई पान जरा तिरपं करायची, उजेड त्यावरून घसरू द्यायची आणि म्हणायची, "हाई एक. हाई दुसरं." मी भिंग लावून बघायचो. असायचंच.

"तुम्हना काचले काय दिसस?" ती हसायची. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

अंड्यातून निघालेली अळी उघड्यावर येत नाही. अंड्याच्या तळातूनच थेट पानात शिरते आणि वरच्या कातडीखालचा रस पीत पुढे सरकते. तिला पाय नाहीत. एका पानातून दुसऱ्या पानात ती जाऊ शकत नाही. जे पान आईनं दिलं तेच तिचं शेत, तोच रस्ता, तेच घर. मागे हवा शिरते म्हणून रेघ चांदीसारखी दिसते. मधली काळी रेषा तिच्या विष्ठेची. म्हणजे ती कुठून आली, कुठे वळली, कुठे थांबली, सगळं पानावर लिहिलेलं असतं, ज्याला वाचता येतं त्याला.

मग एक दिवस ती खाणं थांबवते. पानाच्या कडेला येते, तोंडातून रेशमाचा धागा काढते आणि कड स्वतःवर ओढून घेते, साडीची कडा दुमडून टीप घालावी तशी. त्या दुमडीत तिचा कोष. आत आठवडाभर. एका पहाटे दुमडीच्या फटीतून कोषाचं टोक बाहेर येतं, उकलतं, पतंग निघतो आणि रिकामं टरफल तिथेच अडकून राहतं. अंड्यापासून इथपर्यंत श्रावणातल्या उबेत जेमतेम दोन-तीन आठवडे. पतंग जगतो थोडे दिवस, आणि तेवढ्यात मादी पुढच्या कोवळ्या पानांवर अंडी घालून मोकळी होते.

यातली एक गोष्ट माणसानं लक्षात ठेवायची असते. एकदा कड दुमडली की मग अळीला पान जिवंत असण्याची गरज नाही. पान तोडा, ढीग घाला, सावलीत ठेवा, पतंग निघणारच. हे मला माहीत होतं. हे मी इतर गावांतल्या बागायतदारांना सांगत फिरायचो.

आमच्याकडे नागपंचमीला जमीन खणत नाहीत. कुदळ नाही, नांगर नाही, विळी-सुरी नाही. चुलीवर तवा नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, पण हा एक दिवस मी कधी मोडला नाही. आई म्हणायची त्या भीतीनं नव्हे. लहानपणी अंगात मुरलेलं होतं, एवढंच.

त्या अकरापैकी शेवटच्या पावसाळ्यात पंचमीच्या आदल्या दोन दिवसांत बायांनी लिंबाच्या रोपांच्या ओळीच्या ओळी वेचून अळी लागलेली पानं खुडली. हातांना वास, नखं हिरवी. शेडच्या मागे पानांचा कंबरभर ढीग झाला. तीन-चार दिवसांत बहुतेकांच्या कडा दुमडल्या असत्या. कितीतरी आधीच दुमडलेल्या होत्या. पंचमीच्या सकाळी उरलेलं काम उरकायला तीनच बाया आल्या, कारण बाकीच्यांच्या घरी सण. गयाबाई आली होती. त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखेरीज भिंतीवर दुसरं काही नव्हतं, आणि पंचमीचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

ती कुदळ घेऊन माझ्यासमोर आली. "भाऊ, खड्डा करी टाकस. आजच गाडी टाकूत."

"आज जमीनले कुदय लावानी नही."

"मी खंदस ना. तुम्ही नका खंदू. आमनामा नही पायतस."

"गयाबाई, आठे मी सांगस तेच."

तिनं कुदळ शेडच्या कुडाला टेकवून ठेवली. मग म्हणाली, जाळता आलं असतं तर बरं, पण पानं ओली शेतस. पुन्हा ढिगाकडे बघून उद्याचं म्हणाली, "मंग सकाय खंदस."

मी दोंडाईच्याला निघायच्या घाईत होतो. आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते, आणि मी धाकटा असलो तरी रोटाच्या गव्हाला माझी मूठ लागायचीच. मागच्या उन्हाळ्यात मजुरांनी खणताना पाण्याचा पाइप फोडला होता आणि मालकानं मला सगळ्यांसमोर झापलं होतं. ते माझ्या मनात होतं. मी म्हणालो, "खड्डा कोठे करना ते मी दखाडसू. मी येस तोपावत ढिगले हात लावानी नही. वर ओलं पोतं टाकी दे."

हे माझे शब्द. इतकी वर्षं मी ते मनात घोळवलेत. त्यात एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

कानबाई. नारळाला नाक-डोळे, नथ, हिरवं लुगडं. पाटावर बसवलेली ती परक्याला बाहुलीसारखी वाटेल, पण घरच्या बायका तिच्याकडे बघून रडतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू, तो जात्यावर दळायचा, त्याच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. गंगाफळाची भाजी, खीर, आमटी. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीला. मला दोन दिवसांत परत यायचं होतं. पण आमच्या घरचा नियम होता की रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे, आणि संपेपर्यंत घरचा पुरुष बाहेर मुक्कामाला जायचा नाही. त्या वर्षी मोठ्या भावाला ताप आला. त्याच्या वाटचे रोट तसेच राहिले. आई रोज सकाळी डबा उघडायची, बोटानं दाबून बघायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटचे दोन मी दुधात कुस्करून खाल्ले. वाळून खडखडीत झाले होते. सण गोड झाला म्हणून आई खूष होती.

मी नवव्या दिवशी सकाळी रोपवाटिकेत पोचलो. सातपुड्यावर ढग टेकले होते. गयाबाई ढिगाजवळ उभी होती, जशी काही राखण करत होती. मी पोतं उचललं.

चक्कीतून पीठ उडावं तसं काहीतरी हलकं, पांढरं वर आलं. डोळ्यांसमोरून गेलं आणि रोपांच्या ओळींकडे पांगलं. ढिगातल्या पानांच्या कडांना रिकामी टरफलं लटकत होती.

"भाऊ," गयाबाई मागून म्हणाली, "यासना पहिलेबी गयात. रोज जाई ऱ्हायनात." मग म्हणाली, "तुम्ही म्हनेल व्हतात, हात लावानी नही."

त्यानंतरचं लांबवत नाही. नवी पालवी आली तशी रेघांनी भरली. फाटलेल्या पानांतून पावसाच्या पाण्याबरोबर खैऱ्या रोग शिरला, पानांवर, देठांवर खरबरीत डाग उठले. गिऱ्हाईक डाग बघून परत जाऊ लागलं. शेवटी त्या वर्षीची लिंबाची सगळी रोपं मालकानं उपटून जाळायला लावली. जळताना लिंबाचा वास गोडसर येतो, ते मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे एक निरीक्षण नोंदवही असायची. रोजची नोंद रोज करायची असा नियम. पण मी आठवड्याची नोंद एकदम, एका बैठकीत, एकाच पेनानं भरायचो. मीच काय, सगळेच तसं करायचे. दोंडाईच्याहून आल्यावर माझ्यापुढे नऊ कोरे रकाने होते. पंचमीच्या रकान्यात मी लिहिलं: "किडीची पाने तातडीने खड्ड्यात गाडण्याची सूचना दिली. मजुराने सूचना पाळली नाही."

अक्षर चांगलं आलं. मला अजून आठवतं की मी ते वाचून पाहिलं आणि 'तातडीने' हा शब्द नंतर वर घातला.

मालक धुळ्याहून आला. ओळींमधून फिरला, वही मागितली, पंचमीचं पान उघडलं. बाया, पंपवाला, आम्ही सगळे शेडखाली उभे. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कोण हा मजूर?"

मी गयाबाईकडे बघितलं, म्हणजे मी बोटच दाखवलं म्हणा.

ती मालकाकडे बघत नव्हती. तिनं वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. खरंच विचारत होती. "भाऊ, असं सांगं व्हतं का तुम्ही?"

मला तिथेही वेळ होता. नाही म्हणायला एक श्वास लागतो.

"हो," मी म्हणालो. "सांगं व्हतं."

तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो आला नाही. कपाळाला एक आठी पडली, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवताना पडते तशी. तिनं खुरपं पदरात गुंडाळलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. मी स्वतःला सांगितलं, हिला दुसरीकडे काम मिळेल. मिळालंही. रावेरकडे भावाच्या गावी गेली, केळीच्या बागांत राबली, असं कानावर आलं आणि मी त्यावर समाधान मानलं. पुढे माझी बढती झाली. निवृत्त होताना शाल मिळाली.

मधल्या वर्षांत पालवी दर पावसाळ्यात येत राहिली. मी तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचायचो. रेघ उठलेलं पान खालून अगदी धड दिसतं, तसाच मीही लोकांना दिसत असणार.

यंदा बायकोनं ते पान हातात ठेवलं आणि मी पुन्हा वर्तमानपत्राकडे वळू शकलो नाही. रोपवाटिकेतला जुना पंपवाला अजून शिरपुरात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, गयाबाईची मुलगी रावेर तालुक्यात शाळेवर मास्तरीण आहे, आई तिच्याकडेच होती. 'होती' हा शब्द मी ऐकला, पण ऐकला नाही असं करून एसटीत बसलो. जळगावला गाडी बदलली. पुढे रस्त्यानं केळीचे ट्रक, ओल्या पाल्याचा वास, आणि मांडीवरच्या पिशवीत वहीच्या पानांमध्ये दाबलेलं ते लिंबाचं पान.

मुलीचं नाव सुजाता. ती शाळेतच भेटली. चाळिशी ओलांडलेली, चष्मा, हातात तपासायच्या वह्या. मी कोण ते सांगितलं. तिनं ओळखलं, पाणी दिलं. "आई गेली, नाना. दोन वर्षं झाली."

मला उठून जाता आलं असतं. ज्याची माफी मागायची ते माणूसच नव्हतं. पण मी बसून राहिलो आणि सांगितलं. कुदळ, पंचमी, ओलं पोतं, रोट, रकाना, आणि तो 'हो'.

तिनं सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाली, "थांबा. परत सांगा. 'मी येईपर्यंत हात लावू नको', असं तुम्ही म्हणालात?"

"हो."

"शब्द हेच?"

"हेच."

तिनं चष्मा काढला. वर्गातल्या खोडकर पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि मग तिचा आवाज बदलला. "तुम्हाला वाटत असेल आई तुमच्यावर चिडून गेली. ती तुमच्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिला वाटायचं, तीच विसरली."

ती थांबली नाही.

"आम्हाला म्हणायची, मला तर आठवतं भाऊंनी नको म्हटलेलं. पण कागदावर लिहिलेलं होतं, मालकानं वाचून दाखवलं. लिहिलेलं खोटं कसं असेल? म्हणजे मन्हंच डोकं इसरनं. तेव्हापासून तिनं स्वतःवर भरवसा ठेवला नाही. मला मीठ आणायला पाठवलं तरी तीन वेळा वदवून घ्यायची, 'काय सांगं मी? बोल. परत बोल.' गॅस बंद केला का बघायला पाच वेळा उठायची. डॉक्टरला सांगायची, माले पहिलेपासून इसरानी खोड शे." सुजातानं वह्यांचा गठ्ठा सरळ केला. सरळच होता तो. "आणि नाना, मरायच्या आधीच्या महिन्यात तिनं मला सांगितलं होतं, तुमच्या रोपवाटिकेत कोणत्या ओळीत मोसंबी होती, कोणत्या ओळीत लिंबू, आणि कोणत्या वर्षी कोणत्या कोपऱ्यात अळी पहिल्यांदा दिसली. काही विसरली नव्हती ती."

बाहेर पोरं मधल्या सुट्टीत ओरडत होती. ती शाळा कशी होती ते मला सांगता येणार नाही. मी फरशीकडे बघत होतो. तीस वर्षं मी समजत होतो की मी तिचं काम घेतलं. काम तिला दुसरं मिळालं. मी तिच्याकडून जे घेतलं ते तिरप्या उजेडात अंडं बघणारे तिचे डोळे होते, त्यांच्यावरचा तिचा विश्वास होता.

"हे तुम्ही लिहून द्या," सुजाता म्हणाली.

"कोणाला दाखवशील?"

"कोणाला दाखवायचं ते माझं मी बघीन. आईला कोणीतरी कागद वाचून दाखवला होता ना? म्हणून तिनं मला शिकवलं. म्हणायची, आपला कागद आपल्याला वाचता आला पाहिजे. आता द्या, मी वाचते."

तिनं मला वहीचं कोरं पान फाडून दिलं. मी पिशवीतलं लिंबाचं पान टेबलावर ठेवलं आणि लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत माझ्या हातून 'मजूर' असं गेलं, जुन्या सवयीनं. ती खांद्यावरून वाचत होती.

"मजूर नाही. नाव लिहा. पूर्ण."

आणि मी पेन धरून तसाच बसलो. अकरा पावसाळे जिच्याबरोबर पानं बघितली तिचं गयाबाईच्या पुढचं नाव मला माहीत नव्हतं. हजेरीतही ती नुसती 'गयाबाई' होती. मला ते तिच्या मुलीला विचारावं लागलं. तिनं सांगितलं, एकेक अक्षर, शुद्धलेखन घालावं तसं.

ते पान सुजाताकडे आहे. त्यावर जे लिहिलं तेच इथेही उतरवतो, कारण जुनी वही आता कुठे असेल कोण जाणे, आणि ती जिथे असेल तिथे अजून खोटंच सांगत असेल.

नागपंचमी. आभाळ भरलेले, पाऊस नाही. लिंबाची कीड लागलेली पाने ढीग करून शेडमागे. बऱ्याच पानांच्या कडा दुमडलेल्या, आत कोष. गयाबाई शामराव बिऱ्हाडे यांनी त्याच दिवशी खड्डा खणून पाने गाडते असे सांगितले. मी खणू दिला नाही. दुसऱ्या दिवशी खणते म्हणाल्या, त्यालाही मी मनाई केली आणि मी येईपर्यंत ढिगाला हात लावू नये असे सांगून गावी गेलो. त्यांनी हात लावला नाही. त्यांना जसे सांगितले होते तसेच त्यांनी केले. त्या काहीही विसरल्या नव्हत्या.